गाडी मधूनच बंद कां पडते? – तपासणीच्या मजुरीविषयीं कांहीं विचार

ज्या दुखण्याचीं लक्षणें वैद्यासमोर दिसत नाहींत, तें दुखणें ओळखणें फार कठीण. जुन्या मालवाहू गाडीच्या इंजिनानें मधूनच आचके देणें व चालतां चालतां बंद पडणें हा विकार याच जातीचा आहे. रस्त्यावर दहा वेळां दम टाकणारी गाडी मिस्त्रीच्या दारांत उभी केली म्हणजे शहाण्या मुलासारखी चालूं लागते. मिस्त्री कान देऊन ऐकतो, मान हालवितो, आणि ज्या भागाविषयीं त्याच्या मनांत संशय येईल तो भाग बदलून देतो. मग चार दिवस बरे जातात व पांचव्या दिवशीं पुनः तोच प्रकार! यांत शेतकऱ्याचा पैसा जातो, माल नासतो व प्रसंगीं जिवावरही बेततें. गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरच्या गाडीनें आम्हांस हा अनुभव पुरेपूर दिला. त्यावरून आमचें जें मत बनलें आहे तें आज सभासद बंधूंपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

द्रोणागिरीच्या आसमंतांत जुन्या ट्रकचा प्रश्न हा शेतीबाहेरचा प्रश्न आहे असें कोणी समजूं नये. १९७० सालीं सिडको स्थापन झाली. ठाणें, पनवेल व उरण या भागांतील ९५ गांवांच्या जमिनी नव्या शहराकरितां संपादनाखालीं आल्या. योग्य मोबदल्यासाठीं १९८४ च्या जानेवारींत जासईच्या बाजूस जें आंदोलन झालें त्यांत पांच शेतकऱ्यांचे प्राण गेले. आणि १९८९ सालीं न्हावा-शेवा येथील बंदर सुरू झालें. भाताचीं खाचरें व मिठागरें जाऊन मोबदल्याचे पैसे हातीं आले, तेव्हां कित्येक घरांनीं त्यांतून गाडी घेतली. टाटांची ४०७ ही लहान मालगाडी १९८६ सालीं निघाली होती व गांवच्या अरुंद रस्त्यांना ती सोयीची होती. अशा रीतीनें जमीन गेली आणि तिची गाडी झाली. ज्यांचें चिरनेर-दिघोडे बाजूस थोडेंफार शेत राहिलें आहे, त्यांचा भाजीपाला वाशीच्या बाजारांत नेण्यास आजही अशाच गाड्या उपयोगीं पडतात.

आमच्या बंधूंची गाडी याच जातीची असून ती आमचा पुतण्या चालवितो. श्रावणांतील एके रात्रीं आठ शेतकऱ्यांची काकडी, शिराळीं आणि भेंडी घेऊन तो निघाला. जासई ओलांडल्यावर उड्डाणपुलाच्या चढावर इंजिनानें तीन-चार आचके दिले आणि तें थांबलें. पाऊस कोसळत होता आणि मागून कंटेनरचे लांब ट्रेलर एकामागून एक येत होते. गाडींत लाल त्रिकोण नव्हता. तो ठेवणें १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणें बंधनकारक आहे, हें आमच्या घरची चूक म्हणून येथें नमूद करतों. पोरगा हातांत विजेरी घेऊन गाडीच्या मागें उभा राहिला. एका ट्रेलरवाल्यानें शेवटच्या क्षणीं आपली गाडी वळविली. आमच्या गाडीचा मागचा फाळका उखडून गेला व मुलगा कठड्याला चिकटून वांचला. पंधरा मिनिटांनीं तेंच इंजिन पहिल्याच चावीला सुरू झालें! वाशीस जाईपर्यंत बाजाराची वेळ टळली होती आणि माल पडेल भावानें द्यावा लागला.

गाडीच्या दुरुस्त्या त्यापूर्वींच सुरू झाल्या होत्या. त्या रात्रीनंतर त्यांना ऊत आला. प्रथम डिझेलचे फिल्टर बदलले. मग फीड पंप नवा घातला. मग चारी नोझलें बदललीं. शेवटीं मुख्य पंप उतरवून पंपवाल्याकडे तपासणीस पाठविला व आठ दिवस गाडी उभी राहिली. एकंदर खर्च २३,४०० रुपये झाला. मिस्त्रीनें लबाडी केली असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. काढलेला प्रत्येक भाग त्यानें आणून दाखविला, आणि इतक्या वर्षांच्या गाडीचे भाग झिजलेले असणारच. परंतु भाग झिजलेला असणें ही एक गोष्ट, आणि गाडी त्याच भागामुळें बंद पडणें ही दुसरी. बंधूंचा धीर सुटला व गाडी भंगारांत देण्याचें त्यांनीं ठरविलें.

आमची हयात महसुली कचेरींत गेली. तेथें एक संवय लागते ती ही कीं, कोणी कांहींही सांगो, आधीं दप्तर पाहावें. पुतण्याजवळ डिझेल भरल्याची व फेऱ्यांची वही होती. ती घेऊन एका रविवारीं आम्ही त्याच्यासह बसलों आणि गाडी कोणत्या दिवशीं, किती किलोमीटरवर व कोठें बंद पडली हें त्याच्याकडून आठवून घेऊन वहींतील नोंदींसमोर मांडीत गेलों. तीन महिन्यांत गाडी अकरा वेळां बंद पडली होती. पैकीं नऊ वेळां त्याच संध्याकाळीं टाकी कांठोकांठ भरलेली होती. टाकी निम्मी किंवा त्याहून रिकामी असतां गाडी एकदांही बंद पडली नव्हती.

घरांतील सर्वांचा, आणि मिस्त्रीचाही, समज याच्या नेमका उलट होता. टाकीच्या तळचा गाळ नळींत येतो म्हणून गाडी थांबते, असें जो तो म्हणे. आणि म्हणून पुतण्या टाकी मुद्दाम भरलेली ठेवी! वही आणखी एक गोष्ट सांगत होती. गाडी पहिल्यानें बंद पडली ती ज्येष्ठांत. आणि त्याच्या आदल्याच आठवड्यांत 'टोपण, कुलपाचें, ३५० रुपये' अशी नोंद होती. रात्रीं उभ्या गाडींतून डिझेल चोरीस गेलें, म्हणून जुनें टोपण काढून दुकानांतून कुलूप असलेलें दुसरें आणून बसविलें होतें. तें आट्यांत नीट बसलें, कुलूपही लागलें. त्याला हवेचें छिद्र नव्हतें, एवढेंच कोणीं पाहिलें नाहीं.

डिझेल जसजसें खर्च होतें तसतशी त्याची जागा घेण्यास बाहेरची हवा टाकींत आली पाहिजे. ती वाट बंद असली म्हणजे काय होतें याचा हिशेब साधा आहे. आमच्या गाडीची टाकी ६० लिटरची. ती कांठोकांठ भरली म्हणजे वर, समजा, ३ लिटर हवा उरते. माल भरलेली गाडी २५ किलोमीटर जाईपर्यंत सुमारें ३ लिटर डिझेल संपतें. म्हणजे तीच ३ लिटर हवा ६ लिटर जागेंत पसरते व तिचा दाब निम्म्यावर येतो. एवढ्या ओढीविरुद्ध डिझेल उचलणें फीड पंपास जड जातें, आणि चढावर इंजिनाची मागणी वाढली कीं तें उपाशी पडतें. उलट टाकी निम्मी असली तर ३० लिटर हवा ३३ लिटरांत पसरते, दाब केवळ अकराव्या हिश्शानें उतरतो व इंजिनास कांहींच जाणवत नाहीं. प्रत्यक्षांत टोपणाच्या आट्यांतून थोडी हवा झिरपत असते, त्यामुळें हिशेब इतका कांटेकोर उतरत नाहीं. पण पंधरा मिनिटें उभी राहिल्यावर गाडी आपोआप कां सुरू होई याचें उत्तरही त्या झिरपण्यांतच आहे. मिस्त्रीच्या दारीं जाईपर्यंत रोगी बरा झालेला असे.

मग आम्हीं परीक्षा केली. दिवसाउजेडीं टाकी भरून त्याच वाटेनें निघालों. पहिला आचका येतांच गाडी रस्त्याच्या कडेस घेतली आणि टोपण सैल केलें. पुष्कळ वेळ दाबून धरलेला श्वास घ्यावा तसा आवाज होऊन हवा आंत गेली. इंजिन तत्काळ सरळ झालें, आणि वाशीपर्यंत त्यानें एकदांही तक्रार केली नाहीं.

ही विजयाची वार्ता आम्हीं घरीं थोड्या थाटानेंच सांगितली. आणि तिसऱ्या दिवशीं पहांटे गाडीनें पुनः आचके दिले. एक कारण सांपडलें म्हणजे तेंच एकमेव असें मानण्याची आम्हीं घाई केली होती. अकरांपैकीं दोन प्रसंग टाकी पुरी भरलेली नसतांना घडले होते, त्यांकडे आमच्याकडून काणाडोळा झाला होता. जमाखर्च जुळत नसतां चार आणे किरकोळींत टाकणाऱ्या कारकुनाला आम्ही नोकरींत असतांना किती बोललों असूं!

दुसरें कारण समजण्यास या इंजिनाची रचना थोडी जाणली पाहिजे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन गृहस्थांचें इंजिन १८९७ सालीं यशस्वी ठरलें. पण डिझेल फवारण्याचे आटोपशीर पंप बॉश यांच्या कारखान्यानें १९२७ सालीं मोठ्या प्रमाणावर काढूं लागल्यावरच मोटारगाड्यांत त्याचा प्रसार झाला. आपल्याकडे १९५१ सालीं बंगळूर येथें मायको कंपनी स्थापन झाली व तिचे पंप जुन्या ट्रकांवर सर्वत्र दिसतात. या इंजिनांत ठिणगी नाहीं. हवा दाबली जाऊन तापते व तींत डिझेलचा फवारा पडतांच तो पेट घेतो. म्हणून जुन्या गाडीच्या आचक्यांचें मूळ बहुधा डिझेलच्या वाटेवरच शोधावें. ही वाट दोन भागांची आहे. टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढलें जातें. फीड पंपापासून पुढें तें ढकललें जातें. ढकलण्याच्या भागांत चीर पडली तर डिझेल गळतें व डोळ्यांस दिसतें. ओढण्याच्या भागांत चीर पडली तर इंजिन चालू असतां डिझेल बाहेर येत नाहीं, हवा आंत जाते. आणि बाहेरून पाहावें तों सर्व कोरडें ठणठणीत! 'गाडीनें एअर घेतली' असें मिस्त्री म्हणतात तें हेंच. हवा दाबली जाते, डिझेल जवळजवळ दाबलें जात नाहीं; त्यामुळें पंपांत बुडबुडा शिरला म्हणजे पंपाचा जोर बुडबुडा चेपण्यांतच संपतो आणि नोझलांतून फवारा पडत नाहीं.

आम्हीं फीड पंपाच्या अलीकडे वीतभर पारदर्शक नळी जोडविली. इंजिन चालू करतांच तींतून मोत्यांच्या सराप्रमाणें बुडबुडे जातांना दिसले. तेथून टाकीच्या दिशेनें एकेक सांधा पाहत मागें गेलों, तों चॅसिसच्या आडव्या पट्टीवर जेथें रबरी नळी घांसत होती तेथें तिला केसाएवढी चीर आढळली. नवी नळी व दोन क्लिपा यांस १८० रुपये पडले. त्यानंतर आजपर्यंत गाडी वाटेंत थांबलेली नाहीं.

इतरांच्या गाडीस हेंच दोन दोष असतील असें नव्हे. पण शोधण्याची रीत सर्वांस उपयोगी पडेल. प्रथम इंजिन मरतांना कसें मरतें हें पाहावें. दिवा विझावा तसें एकाएकीं, आचका न देतां थांबलें, तर वीज पाहावी. ज्या गाड्यांत इंजिन बंद करण्यासाठीं विजेचा सोलेनॉइड बसविलेला असतो, त्याची तार सैल झाली तरी डिझेल एकदम तुटतें. आमच्याकडील खाऱ्या वाऱ्यानें तारांचीं तांब्याचीं टोकें हिरवीं पडतात व चॅसिसला जोडलेली अर्थिंगची पट्टी गंजते, हें करंजा-मोऱ्याकडील लोकांस सांगावयास नको. उलट धाप लागल्यासारखें आचके देत थांबलें तर तें उपाशी पडलें आहे असें समजावें. काळा धूर निघून जोर कमी झाला असेल तर एअर फिल्टर तुंबलेला आहे काय तें आधीं पाहावें. पांढरा धूर हें बहुधा डिझेल न जळतां बाहेर पडत असल्याचें चिन्ह, आणि निळा धूर म्हणजे ऑइल जळत आहे. एकच सिलिंडर सतत चुकत असेल तर ती गोष्टच निराळी. तेथें नोझल, व्हॉल्व्ह किंवा कॉम्प्रेशन तपासावें लागतें. मधूनमधून येणारा दोष मात्र बहुधा वाटेवरचा असतो, शेवटच्या मुक्कामाचा नव्हे.

टोपणानंतर टाकींतील ओढनळीची जाळी पाहावी. टाकींत पडलेली चिंधी किंवा प्लॅस्टिकचा तुकडा इंजिन चालू असतां ओढला जाऊन जाळीस चिकटतो व इंजिन थांबलें कीं सुटून खालीं पडतो. हाही दोष मिस्त्रीच्या दारीं कधीं दिसावयाचा नाहीं. मग नळ्या, मग फिल्टर, मग फीड पंपांतील झडपा. दोष मागें आहे कीं पुढें, हें एका फेरींत ठरविण्याची युक्ति अशी: स्वच्छ डिझेलचा डबा फीड पंपाहून उंच जागीं पक्का बांधावा आणि त्यांतून थेट फीड पंपास नळी द्यावी. (डबा केबिनच्या बाहेर असावा व जवळपास विडी नसावी.) गाडी सरळ चालली तर दोष टाकीकडच्या बाजूस; तरीही आचके दिले तर पुढें. निम्मा संशय तेथेंच निकालांत निघतो, आणि मुख्य पंप उतरविण्याची पाळी बहुधा येतच नाहीं.

पावसाळ्यांत पाण्याचा प्रश्न विशेष. अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी राहिली म्हणजे दमट हवेंतील पाणी आंतल्या पत्र्यावर जमून खालीं ओघळतें. पाणी जड असल्यामुळें तें तळाशीं राहतें आणि पाण्याच्या व डिझेलच्या सीमेवर जंतूंचा बुळबुळीत गाळ वाढतो. फिल्टरच्या तळाच्या नटांतून थोडें डिझेल कांचेच्या बाटलींत घेऊन रात्रभर स्थिर ठेवावें, म्हणजे सकाळीं पाणी तळाशीं निराळें दिसतें. या दृष्टीनें टाकी भरलेली ठेवणें चांगलेंच आहे. पुतण्याचें चुकलें तें टाकी भरण्यांत नव्हे, टोपणांत.

डिझेलांत रॉकेल मिसळलेलें असावें, असाही संशय पुष्कळांस येतो. रेशनच्या रॉकेलास निळा रंग देण्यांत येई तो अशी भेसळ ओळखूं यावी म्हणूनच. या धंद्यापायीं माणसें कोणत्या थरास जातात हें आमच्या खात्यानें पाहिलें आहे. २५ जानेवारी २०११ रोजीं मनमाडजवळ पानेवाडी येथें मालेगांवचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना इंधनाची भेसळ करणाऱ्यांनीं जिवंत जाळलें. ती बातमी कचेरींत आली त्या दिवसाची आठवण आजही आमच्यानें लिहवत नाहीं. तथापि आपली गाडी थांबली म्हणून पुराव्यावांचून पंपवाल्यास दोष देणें न्यायाचें नव्हे. पंपावर डिझेलची घनता मोजून दाखविण्यास सांगण्याचा ग्राहकास हक्क आहे; तो बजावावा, आणि मग बोलावें.

एक धोक्याची सूचना. जुन्या इंजिनांत कोणतें सिलिंडर चुकतें हें पाहण्यासाठीं मिस्त्री नोझलच्या नळीचा नट सैल करतात. नोझल उघडतें तें चौरस सेंटिमीटरास सुमारें २०० किलोच्या दाबानें. त्या फवाऱ्यासमोर बोट धरलें तर डिझेल कातडी भेदून आंत शिरतें, वरून जखम टांचणीएवढीच दिसते, आणि हात गमावण्याची वेळ येते. आणि हा प्रयोग नव्या गाड्यांवर तर मुळींच करूं नये. २०१७ व २०२० सालच्या प्रदूषणविषयक नियमांनंतर निघालेल्या गाड्यांतून दाब याच्या कित्येक पट असून त्यांचा कारभार संगणकाच्या हातीं आहे. त्यांचे दोष यंत्र लावून वाचावे लागतात.

आतां आमच्या मुख्य मुद्याकडे वळतों. टोपण आणि नळी मिळून हजार रुपयांच्या आंतला दोष काढण्यास २३,४०० रुपये कां लागले? मिस्त्रीस विद्या नव्हती म्हणून नव्हे. टोपणास छिद्र लागतें हें त्याला आमच्याहून अधिक ठाऊक आहे. परंतु त्याला आम्हीं तपासणीची मजुरी कधीं दिलीच नाहीं. गाडी त्याच्या दारीं न्यावी आणि 'फिल्टर बघ', 'पंप बघ' असा निवाडा आपणच करून सांगावा, ही आपली रीत. केव्हां थांबते, किती अंतरावर थांबते, टाकीत किती डिझेल होतें, अलीकडे काय बदललें, हा जबाब आम्हीं त्याला दिला नाहीं व त्यानेंही घेतला नाहीं. कारण जबाब घेण्यांत एक तास जातो आणि त्या तासाचे त्याला कोणी पैसे देत नाहीं. तो भाग बदलील तेव्हां त्याला मजुरी मिळणार. मग त्याचें लक्ष बदलण्याजोग्या भागाकडे गेलें तर त्यांत नवल कसलें? गाडीबरोबर तीस किलोमीटर फिरून 'टोपण बदला' एवढेंच सांगणाऱ्या मिस्त्रीस आपण चहा पाजून वाटेस लावूं!

शेताच्या मोजणीचें उदाहरण घ्या. मोजणीची फी आपण आधीं भरतों. बांध सरकला तरी तीच, न सरकला तरी तीच. मोजणीदारास सरकविलेल्या बांधामागें मजुरी मिळूं लागली, तर तालुक्यांत एकही बांध जागेवर राहणार नाहीं. वैद्याला व वकिलाला आपण सल्ल्याचे पैसे देतों आणि मिस्त्रीच्या सल्ल्यास मात्र फुकट समजतों. म्हणून आमचें म्हणणें असें कीं, तपासणीची मजुरी भागांच्या मजुरीपासून वेगळी ठरावी व ती दोष सांपडो अगर न सांपडो, रोख द्यावी.

यावर असा आक्षेप येईल कीं, जुन्या गाड्यांवर एवढी मेहनत कशाला? जुनीं वाहनें भंगारांत काढण्याचें सरकारी धोरण १३ ऑगस्ट २०२१ रोजीं जाहीर झालें. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील गाड्यांचें शुल्कही पुष्कळ वाढलें. जुनें इंजिन धूर अधिक सोडतें, हें खरें आहे आणि तो धूर आपल्याच मुलांच्या छातींत जातो. ज्या गाडीची चॅसिस गंजली, ब्रेक धरत नाहींत व जी पासिंगला उतरत नाहीं, ती गाडी मोडींत काढावी हेंच योग्य. तिच्यासाठीं आम्ही रदबदली करणार नाहीं. आठ वर्षांवरील मालगाडीचें पासिंग दरवर्षीं करावें लागतें, तेंही यासाठींच. पण आमच्या बंधूंनीं गाडी विकावयास काढली ती धुरासाठीं नव्हे, ब्रेकांसाठीं नव्हे, एका टोपणासाठीं! नव्या गाडीचें कर्ज काढून हप्ते सुरू झाले असते, आणि चोरीच्या भीतीनें तेंच कुलपाचें टोपण कदाचित् तिच्यावरही चढलें असतें.

मंडळाची वार्षिक सभा सप्टेंबर अखेरपूर्वीं भरेल. तींत पुढील सूचना मांडण्याचा आमचा विचार आहे. मंडळानें आपल्या गोदामांत दहा हात पारदर्शक नळी, तिला लागणाऱ्या क्लिपा, दहा लिटरचा स्वच्छ डबा, कांचेच्या चार बाटल्या व दोन लाल त्रिकोण ठेवावे, आणि ज्या सभासदास हवें त्यानें सही करून न्यावें. परिसरांतील दोघां-तिघां मिस्त्रींशीं बोलून तपासणीची मजुरी ठरवावी. आमच्या मतें गाडीबरोबर एक फेरी करण्यास ५०० रुपये अधिक नाहींत. प्रत्येक गाडीस एक वही द्यावी आणि तींत तारीख, किलोमीटर, भरलेलें डिझेल, टाकींतील अंदाजी शिल्लक, बदललेली वस्तु मग ती टोपणाएवढी कां असेना, आणि गाडी थांबली असल्यास ठिकाण व रीत, असे रकाने असावेत. वही छापण्याचा खर्च आम्ही स्वतः सोसूं.

दरम्यान ज्यांनीं चोरीच्या भीतीनें कुलपाचें टोपण बसविलें असेल त्यांनीं तें आजच काढून पाहावें. छिद्र नाहीं म्हणून त्यास घरीं भोंक पाडूं नये, त्यांतून पावसाचें पाणी आंत जाईल. हवेची झडप असलेलीं कुलपाचीं टोपणें बाजारांत मिळतात. टोपण विकत घेतांना दुकानांतच बाहेरच्या बाजूनें झडपेवर तोंड लावून फुंकावें. वारा आंतल्या बाजूस निघाला तर पैसे द्यावे, नाहीं तर परत करावें.